सम्यकच्या हाताचा झटका

बायकोला मी बहुतेक सगळं सांगतो. हे नाही सांगितलं. आज तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

बुलढाण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो. कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी आम्ही एक छोटी पेटी बनवत होतो — टीव्हीला जोडायची आणि नेट नसलं तरी खुणांच्या भाषेचे धडे बघायचे. सोबतीला आमच्याच कॉलेजातल्या वैशाली मॅडम होत्या. त्यांचा भाचा सम्यक त्याच शाळेत, वरवट बकालहून हॉस्टेलला आलेला.

प्रोसेसर कोणता घ्यायचा, एवढंच ठरायचं होतं. एकात व्हिडिओ उलगडायला वेगळा भाग होता. दुसऱ्यात सगळी मेहनत एकट्या मुख्य प्रोसेसरची — पण त्यावरचा प्रोग्राम माझा होता, अख्खा उन्हाळा घालवून लिहिलेला. मॅडम म्हणायच्या, पहिलाच घेऊ. मला ते झोंबायचं. आपल्याहून ज्युनिअर बाईनं, चार लोकांत... हो, एवढंच. भावात फरक नव्हता, दुसरी काही अडचणही नव्हती.

प्रोसेसर ठरवायला कॉलेजची कमिटी बसणार होती, त्याच्या आदल्या दिवशी मी एकट्यानं दोन्हींवर खुणांचा धडा लावून बघितला. पहिल्यावर सुरळीत चालला. माझ्या प्रोसेसरवर शिकवणाऱ्या बाईंचा हात आधी कपाळाशी दिसे आणि एकदम छातीशी — मधली चित्रंच गळत होती. भराभर हलणारं चित्र प्रोसेसरला जास्त राबवतं, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. मग मी काय केलं? हार मानली? प्रोग्राम सुधारला?

मी व्हिडिओ बदलला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर दोन्हींवर एक भाषण लावलं — खुर्चीत बसून केलेलं, ओठांशिवाय काहीच न हलणारं. अर्थात दोन्हीकडे सारखंच दिसलं. फरक काही नाही, मी म्हणालो. कमिटीनं माझाच प्रोसेसर मंजूर केला. मला बरं वाटलं — ते बरं वाटणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

पेट्या शाळेत गेल्या. तिथल्या लोकांना वाटलं, असंच दिसत असेल यात. काही महिन्यांनी आम्ही दोघं गेलो, तर सम्यक पेटीवर शिकलेल्या खुणा करून दाखवायला लागला. हात कपाळाशी. थांबला. मग झटक्यानं छातीशी.

"सर, हा मंधातच असा हात काऊन झटकते?" मॅडमनी विचारलं.

मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं.

"लहान हाय, शिकीन हळूहळू," मी म्हणालो.

माझी चूक मी त्या लेकराच्या हातावर ढकलली. पेट्या अजून तिथेच आहेत.

ही मुलं ओळखीच्या प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव देतात. माझं सम्यकनंच ठेवलं — बोट चष्म्याला, मग हात छातीशी. 'आपले चष्मेवाले सर'. मध्ये तोच झटका. आता सगळी शाळा मला त्याच नावानं हाक मारते. मीही हसून उत्तरात तीच खूण करतो, झटक्यासकट.