तालमीतली सुई

धोंडुबाई वीस वर्षं मंगळवार पेठेतल्या एका दवाखान्यात काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळत होती. पाण्याला उकळी फुटली की तिथून वीस मिनिटं. मध्ये कलेक्टर आला तरी झाकण निघायचं नाही. डॉक्टर घाई करायला लागले, तर म्हणायची, "डॉक्टर तुमी हायसा, पण स्टो माझा हाय."

सगळी पेठ तिला आक्का म्हणे. खरा हक्क धाकट्या भावाचा, जोतीरामचा. एकोणऐंशी सालच्या एका कुस्तीत त्याचा गुडघा गेला. दुखणं मारायला पंधरा दिवस इंजेक्शनं दिली. दुखणं गेलं नाही, इंजेक्शनंही सुटली नाहीत. तालमीत असे चौघं जमले. हंबीरराव दुखऱ्या खांद्याचे, सयाजी कमरेचा, कृष्णात कशाचा ते त्यालाच आठवत नव्हतं. कुस्ती सुटली होती, तालीम सुटली नव्हती. रोज संध्याकाळी मागच्या खोलीत चौघांत एक सुई फिरायची. नळाखाली धुवायची, फुंकर मारायची, की झाली स्वच्छ.

आधी सयाजीचे डोळे पिवळे झाले. मग कृष्णातचे. तो गारगोटीला जाऊन झाडपाल्याचं औषध घेऊन आला आणि महिन्याभरात वारला. पेठेनं उसाच्या रसाच्या गाडेवाल्याला दोषी धरलं. बिचाऱ्यानं गाडा उचलून शनिवार पेठेत नेला. आक्का मात्र म्हणाली, "रस अख्खी पेठ पीत हुती. मी बी. मग कावीळ एका सुईच्या त्या दोघांनाच कशी?"

त्या दिवसापासून ती रोज सकाळी जोतीरामची पापणी ओढून बघायला लागली.

मग तिनं डॉक्टरांकडं तीन जुन्या सिरिंजा मागितल्या. डॉक्टर म्हणाले, "अहो, आधी त्यांची सवय सोडवा."

"सवय सोडायला माणूस जित्ता लागतो की, डॉक्टर."

बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, हा रिवाज. म्हणून ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि आवाज आत पाठवला. आवाजाला रिवाज नव्हता.

"हंबीरराव, प्रत्येकाची सुई निराळी करा. उकळून मी देते."

हंबीरराव हसले. "आक्का, हितं एका तांब्यातनं थंडाई पितात. एका मातीत लोळतात. सुई निराळी म्हंजे भाऊबंदकी झाली की!"

"आक्का, जा घरला," आतून जोतीराम ओरडला. त्याला लाज वाटत होती.

"जाते. एवढं सांगा, एकमेकांचा लंगोट लावता काय?"

आत एकदम गलका झाला. "छे छे!" "काय बोलतीस आक्का!" सयाजीनं तर कानाला हात लावले. तालमीत दुसऱ्याच्या लंगोटाला कुणी हातसुद्धा लावत नाही. नायटा झालेल्या गड्याला माती बंद असते, मग तो वस्तादाचा पोरगा का असेना.

"लंगोट कातड्याला लागतो, तर एवढी किळस," आक्का म्हणाली. "सुई तर रगतात जाती, पैलवान."

आत हंबीररावांनी हातातली सुई खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना सुटल्यावर आक्काचा स्टो तालमीच्या उंबऱ्याबाहेर पेटू लागला. तीन सिरिंजा, तिघांच्या लंगोटाच्या रंगाचे तीन दोरे: लाल, निळा, भगवा. लोक जाता-येता टोमणे मारत, "काय आक्का, भजी तळायला लागलीस व्हय?" ती म्हणे, "व्हय, पावणं. या की, गरम हायत."

पावसाळ्यात एकदा जोतीरामच्या हातून त्याची निळ्या दोऱ्याची सिरिंज पडून फुटली. गुडघा ठणकत होता, अंगाला घाम सुटला होता. हंबीररावांनी आपली, नुकतीच वापरलेली, पुढं केली. "घे की लेका. आजच्या दिवस. मी काय परका हाय?"

आक्का उंबऱ्यापलीकडं बसली होती. तिनं ऐकलं. सांगायचं ते सांगून झालं होतं.

जोतीराम भिंतीला टेकला. दात आवळून म्हणाला, "हंबीरराव, तुमचा लंगोट मी लावत न्हाय." मग लंगडत उंबऱ्याशी आला. "आक्का, दुसरी हाय काय गं?"

तिच्या पिशवीत चौथी होती. गेलेल्या कृष्णातच्या नावाची; कुणी मागितली नव्हती, तरी तिनं आणून ठेवलेली. तिनं ती पाण्यात सोडली, झाकण ठेवलं आणि स्टोला पंप मारला.

"वीस मिनिटं," ती म्हणाली. "बस हितं."

तो बसला.