माळरानावर हँडल माझ्या हातात

उन्हात तापलेल्या गवताचा वास आला की ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराच्या पश्चिमेचं ते सपाट माळरान आठवतं. लग्नानंतरची आमची मोटरसायकलवरची पहिलीच लांबची सफर होती, आणि चहूकडे फक्त पिवळं गवत आणि आभाळ. दुपारी नवऱ्याचं मनगट एवढं दुखायला लागलं की त्याने गाडी कडेला घेतली. पुण्यात एकदा गाडीवरून जोरात आपटल्यापासून मी हँडलला हात लावला नव्हता, तरी म्हटलं, "मी चालवते, तू मागे बस." सुरुवातीला अगदी हळू चालवली. मग शेजारून दोन इमू धावायला लागले आणि मला हसूच फुटलं, वेगही वाढला. "अगं, हळू!" तो मागून ओरडला, पण हसत तोही होता. हल्ली लांब जायचं असलं की किल्ली तो आपणहून माझ्यापुढे धरतो.