बिनचिकाचं वासरू

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मी घेणार. भरमाप्पा! साऱ्या गावाशी भांडणारा माणूस. बाजारात भांडण, एस्टीत भांडण, पूजेला येणाऱ्या जंगमाशीबी भांडण. आईपुढं, त्याच्या अव्वापुढं, तेवढं भिजलं मांजर.

दोन हजार दोन साली वडगावच्या रस्त्याला एका प्रयोगशाळेच्या गोठ्यात त्याला काम लागलं. वासरांना हगवण लावणाऱ्या विषाणूवर तिथं नव्या तऱ्हेची, डीएनएची लस तपासत व्हते. निम्म्या वासरांना लस टोचायची, निम्म्यांना न्हाय. मग सगळ्यांना विषाणू पाजायचा आणि कोण आजारी पडतंय बघायचं. डॉक्टरनं त्याला बजावलं, "गाय व्याली की वासराला चीक द्यायचा नाही. चिकातनं आईची ताकद वासरात उतरते. मग लशीचं काहीच कळणार नाही." मेल्यानं नंदीबैलागत मान हलवली.

मला त्या लशीची लई आस व्हती. माझी शांभवी महिन्याची असताना असल्याच हगवणीनं गेली. वासरांत जमलं की पुढं लेकरांसाठीबी निघंल, असं डॉक्टर म्हणायचा. माझी गेली, दुसरीची तरी ऱ्हाईल.

आणि ह्या मुडद्यानं काय करावं? बिनलशीच्या वासरांना चोरून चीक पाजला! विषाणू दिला तरी त्यातलं एकबी वासरू हगंना. डॉक्टरनं रक्त तपासलं आणि चोरी उघडी पडली. तर हाच उलटा त्याच्यावर वराडला, "व्हय, मीच पाजला! काय करणार हाईस?" डॉक्टरनं त्याला तिथनंच हाकलला. सगळी तपासणी पाण्यात गेली.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी त्याला धरला. "वासरांचा पुळका आला व्हय रं? पोरीची आठवण न्हाय झाली? तिच्याच रोगाची लस व्हती की ती!"

"तिचीच झाली," तो म्हणाला. एवढा हळू आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. "बाळंतपणात अव्वानं तुझा चीक मोरीत पिळून टाकाय लावला. बाळाला बाधतो म्हणाली, गुळाचं पाणी पाजलं. तू रडत व्हतीस. मी दारातच उभा व्हतो. चिकात काय असतंय ते मला त्या डॉक्टरनं सांगितलं तवा कळलं. मग बिनलशीचं एक वासरू हंबराय लागलं, आणि चिकाची बादली माझ्याच हातात व्हती."

माझ्या हातातला तांब्या मी त्याच्या अंगावर फेकला.

"साऱ्या जगाशी भांडतोस की रं! त्या दिवशी तोंड का न्हाय उघडलंस?"