सारिंतन आजीनं पाठवलंय

सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत वुर्यानी डॉक्टरणीला घराघरातलं माणूस नावानं माहीत. पण करोनाच्या साली तापाचा एकही माणूस तिच्या दवाखान्याची पायरी चढेना. करोना निघाला तर उचलून नेतील, ही भीती. आमच्याकडं ताप आला की अंगात वारा शिरला म्हणतात. तेल लावून नाण्यानं पाठ लाल होईतो खरवडली की तो निघतो. घरोघर जाऊन ते काम करायची सारिंतन आजी.

एका सकाळी बाळाला लस टोचून घ्यायला आलेल्या बाईच्या मानेवर वुर्यानीला लाल पट्टे दिसले.

"वारा शिरला होता का गं?"

"घरात सगळ्यांनाच. आजी येऊन गेली ना."

वुर्यानी तशीच, अंगावरच्या प्लॅस्टिकच्या झग्यानिशी आणि मास्कसकट, आजीच्या दारी गेली. आजी ओट्यावर धापा टाकत बसलेली.

"आलीस पोरी? लहानपणी तुझी पाठ मी खरवडली, आता तू माझी खरवड."

वुर्यानीनं तिच्या बोटाला मशीन लावलं. ऑक्सिजन फारच खाली गेलेला.

"आजी, हॉस्पिटलात जायचंय. आत्ता."

"तिकडं मेल्यावर प्लॅस्टिकात गुंडाळतात म्हणे. मला शेवटची आंघोळ कोण घालणार? तू?"

"मला घालू देणार नाहीत, आजी."

"खोटं तरी बोलायचंस, मेले!"

वुर्यानीनं गाडी बोलावली. ती येईपर्यंत तांब्याभर पाणी आणून, नमाजाआधी धुतात तसे आजीचे हात, तोंड, पाय धुतले. आजी काहीतरी पुटपुटत होती. मग म्हणाली, "ज्यांच्या पाठी मी खरवडल्या, त्यांच्याकडं जा. मी पाठवलंय म्हण. नाहीतर तुझं हे बुजगावणं बघून कोण दार उघडतंय?"

गाडी आजीला घेऊन गेली, वुर्यानी दारोदार निघाली आणि खरंच दारं उघडली. कुणाला औषध दिलं, कुणाला वेगळ्या खोलीत निजवलं, दोघांना वेळेत हॉस्पिटलात धाडलं.

निम्मी गल्ली उरली होती तेव्हा एका दारात तिला फोन आला. आजी गेली. देवानं ते तांब्याभर पाणीच आंघोळ म्हणून मानून घेतलं असेल, असं मी मनाशी म्हणते.

"कोण आहे?" आतून खोकत कुणीतरी विचारलं.

वुर्यानीनं फोन खिशात टाकला.

"सारिंतन आजीनं पाठवलंय."

कडी निघाली. "कशी आहे आमची आजी?"

"बोट पुढं करा आधी," वुर्यानी म्हणाली.