वरुणाच्या शेतात दिसलेलं आयोडीन

भूतखेत, चकवा असल्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा करायला जातो. अजूनही तसाच आहे. पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही...

आमचं घर म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, पिढ्यान्‌पिढ्यांचं. अणुअपघात झालाच तर किरणोत्सर्ग कुठवर पसरलाय हे हेलिकॉप्टरमधून मोजायचं, ही माझी नोकरी. गेल्या वर्षी इथेच सराव होता. शेत नांगरावं तसं सरळ ओळींत, कमी उंचीवरून उडायचं. शोधण्यासाठी बन्नीमंटपच्या मैदानात मुद्दाम किरणोत्सर्गी सीझियमची सीलबंद डबी ठेवली होती. ती पहिल्याच फेरीत सापडली. आम्ही खूश!

मग शहराबाहेरच्या वरुणा गावाकडे वळलो. तिथे माझ्या मामाची भातशेती आहे. आणि स्क्रीनवरचा आकडा एकदम चढला. सीझियम नव्हे — आयोडीन. खऱ्या अपघातात हवेत पसरतं ते, काही आठवड्यांत विरून जाणारं. म्हणजे जे होतं ते ताजं होतं. पायलटला पुन्हा त्याच ओळीवरून न्यायला सांगितलं. आकडा तोच, पण जागा सरकलेली. खाली बांधावरून एकच माणूस चालला होता. पांढरी लुंगी, डोक्याला टॉवेल... मामा.

उतरल्याबरोबर जीप काढली. सरावाचाच भाग आहे असं सांगून मामाला, मातीला, म्हशीच्या दुधालासुद्धा मीटर लावला. काही नाही. एखाद्या स्कॅनसाठी असलं किरणोत्सर्गी औषध दिलं होतं का, विचारलं. मामा दवाखान्याची पायरीच चढला नव्हता. हेलिकॉप्टरमधलं यंत्रही तपासलं, ठणठणीत.

माझं मन मानेना. हट्टाने त्याला डॉक्टरकडे नेलं.

"सुम्मने, उगाचच घाबरवतोस बघ," मामा म्हणाला. "मला काय धाड भरलीये?"

गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आणि उरलेल्या पेशी मारायला डॉक्टरांनी त्याला जे औषध दिलं, ते हेच — किरणोत्सर्गी आयोडीन.

आम्हाला ते दिसलं म्हणून मी त्याला नेलं. नेलं म्हणून त्याला ते मिळालं. मग त्या दिवशी, त्याच्या कितीतरी आधी, आम्हाला दिसलं काय? साहेबांनी यंत्रातला बिघाड म्हणून विषय मिटवला. खरं सांगतो, मला आजही भीती वाटते.

त्या औषधाची किरणं अंगातून बाहेर पडतात, म्हणून घरी आल्यावर काही दिवस मामाला सगळ्यांपासून लांब राहायचं होतं. तो ओसरीवर एकटा बसायचा, मी अंगणापलीकडून बोलायचो.

"काय रे," एकदा त्याने हसत विचारलं, "आता तुझं हेलिकॉप्टर आलं तर मी वरून दिसणार की नाही?"

तू आधीच दिसून गेलायस, हे मला त्याला सांगवलं नाही.