साखळीची उघडी कडी

त्या आरशाची केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी तेव्हा मेलबर्नच्या एका पोलीस स्टेशनला डिटेक्टिव्ह होतो. तक्रारदार एकट्या राहणाऱ्या, मूळच्या मॉरिशसच्या आजी. त्या हॉस्पिटलमध्ये असताना कुणीतरी कुलूप तोडून फक्त त्यांचा आरसा नेला होता. त्याची लाकडी चौकट त्यांच्या खापरपणजोबांनी गुलामगिरी संपली तेव्हा कोरलेली. चारी बाजूंनी ऊस आणि त्यातून फिरणारी साखळी. महिन्याभरात आजी वृद्धाश्रमात जाणार होत्या. सोबत हीच एक वस्तू न्यायची होती.

टीप दिली त्यांच्या घरी येणाऱ्या मराठी नर्सने.

"दादा, ग्लेन वेव्हर्लीजवळ जुन्या फर्निचरचं दुकान आहे ना, तिथे देव्हारा बघायला गेले होते. आजींचा आरसा तिथेच आहे, शप्पथ!"

आमचे सार्जंट म्हणाले, एकीच्या सांगण्यावर वॉरंट मिळणार नाही. माझा पारा चढला. साध्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून गेलो. दुकानदार मुंबईचा निघाला.

"राजस्थानचा माल, साहेब. कंटेनरमधून आला. कोणी केला, काही माहीत नाही."

भाव पाडायला मी पोलीस अकादमीत नाही, मंडईत भाजी विकताना गिऱ्हाइकांकडून शिकलो. आधी वस्तूला नावं ठेवायची. मी साखळीच्या शेवटच्या कडीवर बोट ठेवलं.

"ही मोडलीय. मोडका माल गळ्यात मारताय?"

"मोडली कुठे? मुद्दाम उघडी कोरलीय."

"सुताराचा हात चुकला म्हणा की."

"अहो, सुतार स्वतः गुलाम होता! सुटला तेव्हा कोरलीय त्याने. आणि तुम्ही मोडका म्हणता?"

"राजस्थानात?"

मी ओळखपत्र काढलं.

वॉरंट आलं, झडती झाली. चौकशीत, वकिलासमोर, तो तासभर म्हणत राहिला की आजींना आपण ओळखतच नाही. मी सहज विचारलं, "त्यांच्याकडचा चहा आवडला का?"

"व्हॅनिलाचा मला नाही चालत," तो बोलून गेला. मॉरिशसचा तो चहा आजी घरी येणाऱ्या प्रत्येकाला देत. वकिलाने कपाळाला हात लावला. कपाटाची किंमत करायला म्हणून तो आधी आजींच्या घरी गेला होता. आरसा विकायला आजींनी नकार दिला होता.

शाबासकीचं पत्र सार्जंटच्या नावे निघालं. त्यात माझ्याबद्दल एवढंच, की 'भाषेची मदत झाली'. त्याचा राग मला अजून आहे.

पण खरी सल वेगळी आहे. चौकट परत केली तेव्हा आजींनी विचारलं, "काच कुठे?"

विकायला सोपं जावं म्हणून दुकानदाराने नवी काच बसवली होती. डाग पडलेली जुनी काच झडतीच्या दिवशी मागच्या अंगणात टेकून उभी होती. मी ती पाहिली होती. पण तक्रारीत मी स्वतःच 'कोरीव चौकट' लिहिलं होतं, म्हणून जप्तीच्या यादीत काच घेतली नाही. दुसऱ्या दिवशी कौन्सिलची कचऱ्याची गाडी ती घेऊन गेली.

"माझी आई त्या डागांमधून बघत वेणी घालायची," आजी म्हणाल्या. "दिवे लावायच्या आधी, उजेड कमी झाला की मला तिथे ती थोडीशी दिसायची. यात नुसती मीच दिसते."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक तक्रारदाराला वस्तूचं वर्णन नंतर विचारलं. त्यातलं तुम्हाला नेमकं काय परत हवंय, हे आधी.

त्या दिवशी आजींनी पोचपावतीवर सही केली आणि म्हणाल्या, "ही काच काढून दे, बाळा. मी रिकामी चौकट नेईन."

मी गाडीतून स्क्रू ड्रायव्हर आणला.