पुठ्ठ्यावर नसलेलं 'नाही'

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. हात आवळलेले, मान कलती, तोंडातून शब्द फुटत नाही. "हिले काही समजते काय?" असं कुणी विचारलं की मी भांडायला उठायचे. गल्लीतल्या निम्म्या बायका त्यापायी माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हा पुसदहून दर मंगळवारी एक बाई तिला शिकवायला येऊ लागल्या. त्यांनी चित्रांचा तक्ता करायला सांगितला. आपण विचारायचं, पोरीनं चित्राकडे बघून उत्तर द्यायचं. मी दुपारभर खपून जुन्या पुस्तकांतली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली. पाणी, जेवण, संडास, झोप, टीव्ही, आई.

बाईंनी पुठ्ठा पाहिला. "अन् 'नाही' कुठं हाय?"

"ते कायले पायजे? तिले काय नको ते मले समजते ना."

बाईंनी पिशवीतून स्केचपेन काढून एका कोपऱ्यात हिरवी टिक केली, दुसऱ्यात लाल फुली. मला त्यांचा रागच आला.

रविवारी तिचे केस कापायचे होते. लाळेनं केस चिकटतात, विंचरताना मान स्थिर राहत नाही, म्हणून मी महिन्याकाठी ते अगदी बारीक करून टाकायचे. कात्री दिसली की ती ताठ व्हायची, रडायची. अंग तर हिचं असंही ताठतंच, असं मी धरून चालले होते. सासूबाई पाय धरायच्या, मी डोकं.

त्या दिवशी पुठ्ठा समोरच होता. मी सहज विचारलं, "कापू ना केस?"

तिची नजर फुलीवर गेली. मला वाटलं, चुकून गेली असेल. मी पुठ्ठा उलटा फिरवला, फुली दुसऱ्या बाजूला आली. नजरही तिकडे गेली.

"मंग वाढू देऊ?"

टिक.

सासूबाईंनी पाय सोडले. मी विचारलं, "पहिलेपासून असंच वाटत होतं काय तुले?"

ती टिकेवरून नजर हलवेना. हिला सगळं कळतं म्हणून अख्ख्या गल्लीशी भांडणारी मी, आणि इतकी वर्षं मीच तिचं डोकं दाबून धरत होते.